बेथलेहेमसाठी जुने पडदे

होरेस क्वामिनाला राग यायला कारण लागत नसे, पण त्या ऑक्टोबरात त्याला चक्क एक कारण मिळालं, आणि तेही चर्चच्या कमिटीच्या बैठकीत. विषय साधा होता. चोवीस डिसेंबरला संध्याकाळी पाचला मुलांचा नाताळचा कार्यक्रम, बावीस मुलं, त्यांचे पोशाख. गेली अकरा वर्षं हे पोशाख मिस सिबिल बोर्द राजधानीतल्या एका दुकानातून भाड्याने आणत असे. यंदा भाडं वाढलंय, तेव्हा प्रत्येक मुलाच्या आईबापांनी आपापला वाटा द्यावा, असं तिने जाहीर केलं आणि टोपी सारखी करून ती खाली बसली. तिने जाहीर केलं की विषय संपला, अशी टुनापुना गावात पद्धतच होती.

"बेथलेहेमचे मेंढपाळ साटिन घालून मेंढ्या राखत होते काय?" होरेस म्हणाला. "गरीब माणसं ती. आपापल्या घरात जुनं कापड थोडं आहे का?"

मिस सिबिलने त्याच्याकडे सावकाश मान वळवली. "मग तुम्हीच का नाही करत, मिस्टर क्वामिना? चौतीस वर्षं कचेरीत कागदाला कागद टाचलेत. कापडाला कापड टाचणं तुम्हाला काय जड?"

बैठक हसली. फादर गिटेन्ससुद्धा हसले आणि मग खोकला आल्यासारखं केलं. होरेसच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो उभा राहिला. बसून बोलला असता तर पुढचं सगळं टळलं असतं, पण उभं राहिल्यावर माणसाला काहीतरी मोठं बोलावंच लागतं.

"करतो," तो म्हणाला. "बावीसच्या बावीस. चर्चकडे सुईसुद्धा मागणार नाही. आणि नाही जमलं, तर यंदाचं वाचन मी करणार नाही."

मिस सिबिल, जिला लेक-जावई असूनही गाव मिसच म्हणे, चिटणिसाला म्हणाली, "लिहून घ्या ते. वाचायला काय, आमचे जावई आहेतच."

हे वाचन म्हणजे काय चीज होती, ते सांगायला हवं. कार्यक्रमात मुलांची मिरवणूक आत आली, की कोणीतरी वर जाऊन धर्मग्रंथातल्या यशयाच्या पुस्तकातला पहिला पाठ वाचायचा. एकोणीस वर्षं तो होरेस वाचत होता, आणि त्याच्याआधी सव्वीस वर्षं त्याचे वडील. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस होरेसचं कोणी ऐकत नसे. जमीन-नोंदणीच्या कचेरीत तो 'पलीकडच्या खिडकीत जा' सांगणारा माणूस होता, निवृत्त झाल्यावर तेवढंही सांगायला उरलं नव्हतं, आणि घरी युनिस होती. पण त्या एका संध्याकाळी तो पुस्तक उघडायचा आणि तीनशे माणसं श्वास रोखून बसायची. तान्ही मुलंदेखील रडायची थांबत, असं त्याचं म्हणणं. ते वाचन गेलं, तर होरेस क्वामिना नावाच्या माणसाचं टुनापुनात काय शिल्लक राहणार, याचं उत्तर त्याला स्वतःला ठाऊक होतं आणि त्याचीच त्याला भीती होती.

"उचलली जीभ, लावली टाळ्याला," युनिस म्हणाली. ती त्याची बायको, बेचाळीस वर्षांची संगत. "शिवणार कोण?"

"मशीन."

"आणि मशीन चालवणार कोण?"

होरेसने यावर खिडकीबाहेर पाहिलं.

पडद्यांची कल्पनाही युनिसचीच, जरी पुढे होरेसने ती स्वतःची म्हणून सगळ्या गावाला सांगितली आणि एकदा चुकून युनिसलाही सांगितली. डिसेंबर लागला की टुनापुनातल्या प्रत्येक घराचे पडदे उतरतात. भिंती रंगतात, जमिनीवर नवं लिनोलियम पडतं, खुर्च्यांना व्हार्निश लागतं, आणि तीन आठवडे घरं उघड्या खिडक्यांनी बसून राहतात. नवे पडदे चोवीस तारखेला चर्चहून परत आल्यावरच चढवायचे. तोवर ते कसले आहेत, कोणत्या रंगाचे आहेत, हे सख्ख्या बहिणीलाही कळता कामा नये. पंचवीसच्या सकाळी सारं गाव शुभेच्छा द्यायच्या निमित्ताने रस्त्यावर उतरतं आणि एकमेकांच्या खिडक्या बघत फिरतं. यात जुन्या पडद्यांना कोणी विचारत नाही. ते कुठल्यातरी कोपऱ्यात ढीग होऊन पडलेले असतात. कापड फुकट, आणि वाटेल तेवढं.

होरेसने डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी गाडी काढली आणि घरोघर फिरून अकरा गाठोडी जमवली. गाठोडी उघडल्यावर त्याला कळलं, की आपल्या गावाची आवड फार वाईट आहे. फुलं होती, फुलपाखरं होती, आगबोटी होत्या, एका पडद्यावर तर कुठल्यातरी परदेशी राणीच्या बग्ग्या चालल्या होत्या. ज्यावर काहीच नाही असे पडदे देणारं घर एकही नव्हतं. त्यातल्या त्यात पांढरे आणि मऊ होते ते स्वयंपाकघरातले, अननसांचे. ते मरीयेला ठरले.

दुसऱ्याच दिवशी मिसेस आचोंग दारात. तिची मुलगी मरीया होणार होती.

"अननस, मिस्टर क्वामिना? देवाच्या आईच्या अंगावर?"

"उलट्या बाजूने शिवतोय. दिसणार नाहीत."

"मला ठाऊक असणार ना पण, की आत अननस आहेत म्हणून. मी बाकावर बसून प्रार्थना काय करू मग?"

"डोळे मिटून करा," होरेस म्हणाला. मिसेस आचोंग तीन दिवस बोलली नाही, तेवढंच डोकं शांत राहिलं.

चर्चच्या सभागृहात शिवणाचं मशीन होतं. कपाटाला कुलूप. किल्ली चिटणिसाकडे. चिटणीस म्हणाला, अर्ज लिहून द्या. अर्ज दिला, तर त्यावर मालमत्ता पाहणाऱ्या सभासदाची सही हवी, आणि तो सभासद मुलीच्या बाळंतपणासाठी टोबॅगोला गेलेला. त्याच्या गैरहजेरीत फादरांची सही चालेल, पण मग मूळ अर्जाची आणखी एक नक्कल लागेल. होरेसने चौतीस वर्षं टुनापुनाच्या लोकांना नेमकं हेच करायला लावलं होतं, पण तेव्हा तो नियम होता आणि आता हा निव्वळ छळ होता. चार खेपांनंतर कपाट उघडलं. मशीनला पट्टा नव्हता. शेवटी युनिसने स्वतःचं जुनं हातमशीन पलंगाखालून ओढून काढलं आणि म्हणाली, "हे पहिल्या दिवसापासून इथेच होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू ऐकत होतास कधी?"

शेजारचा बॉइसी रोज संध्याकाळी कुंपणावर हात टेकून सल्ले द्यायचा. बॉइसी म्हणजे तार वाकवणारा माणूस. कार्निव्हलच्या दिवसांत त्याच्या हातचे ड्रॅगन आणि मोर राजधानीच्या रस्त्यांवरून चालायचे. डिसेंबरात मात्र तो लोकांच्या भिंती रंगवायचा, कारण मोरांवर वर्षभर पोट भरत नाही.

"शेजारी, देवदूताला पंख कसले करताय?"

"पुठ्ठ्याचे."

बॉइसीला हे लागलं. "पुठ्ठ्याचे पंख म्हणजे कोंबडी, शेजारी. मी तारेचे करून देतो. एकेक बाजूला सहा फूट. वर चंदेरी कागद, टोकाला पिसं, दोरी ओढली की उघडतील."

"चर्चचं दार चार फुटांचं आहे."

"तीन तुकड्यांत आत आणू आणि आत जोडू. कार्निव्हलच्या बँडमधल्या राजांचे पोशाख असेच आणतात."

"बॉइसी, तो मरीयेला निरोप द्यायला येतोय. तिच्या अंगणात विमान उतरवायचं नाहीये."

वाद आठवडाभर चालला आणि दोन फुटांवर मिटला. शिवाय तारेचा एक मोठा तारा. तो दोरीवरून मागच्या दारापासून वेदीपर्यंत सरकणार आणि दोरी बॉइसी स्वतः धरणार. हे सगळं फुकट. होरेसने तोंडावर आभार मानले नाहीत, पण जेवताना युनिसला म्हणाला, "माणूस मूर्ख आहे, पण सज्जन आहे." होरेसच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे पदकच होतं.

तर कपडे होत होते. हेरोद राजाला न्हाणीतला प्लॅस्टिकचा पडदा मिळाला, त्यावर मासे. तो पोरगा दहा मिनिटांत घामाने निथळायचा, पण हेरोदाला घाम फुटलाच पाहिजे, असं होरेसचं मत. मेंढपाळांना बग्ग्या मिळाल्या. राहिले तीन राजे. पूर्वेकडून सोनं घेऊन आलेली माणसं फुलपाखरं नेसून कशी येणार? आणि तेवढ्यात मिस सिबिलचा निरोप आला, की मीही पडदे काढलेत, घरी नसेन, गॅलरीत पिशवी ठेवली आहे, घेऊन जा.

होरेस गेला. मिस सिबिलच्या घराला रंग चालला होता. सगळं सामान गॅलरीत चादरीखाली रचलेलं. त्याच्या कडेला दोन वस्तू होत्या. एका खुर्चीवर भारी दुकानाची कडक पिशवी, वर रिबिनीची गाठ. आणि खुर्चीमागे, जमिनीवर, एक मळकं पिठाचं पोतं, तोंडाला सुतळी.

होरेस त्या दोहोंकडे पाहत उभा राहिला आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. असं आहे तर. स्वतःचे नवे पडदे शोरूमच्या पिशवीत, मला दिसावेत म्हणून मुद्दाम खुर्चीवर मांडलेले, आणि देवाच्या घरासाठी पिठाचं पोतं. तेही खुर्चीमागे, कुत्र्याला भाकरी टाकावी तसं. त्याने पोतं उचललं, खांद्यावर टाकलं, आणि ठरवलं की या बाईला आभाराचा एक शब्दही पाठवायचा नाही.

त्याचं चुकलं कुठे, ते आपण आताच पाहू या, कारण त्याला कळायला पुढे दोन आठवडे लागले. मिस सिबिल बोर्दला चर्चला काही हलकं द्यायची लाज वाटायची. म्हणून तिने जुने हिरवे पडदे धुऊन, इस्त्री करून दुकानाच्या पिशवीत भरले होते आणि वर रिबीन बांधली होती. आणि नवे पडदे कोणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून ते पिठाच्या पोत्यात कोंबले होते. पोत्यात कोण डोकावतो? टुनापुनातली कुठलीही शहाणी बाई असंच करते, आणि टुनापुनात जन्म काढलेल्या होरेसला हे कळायला हवं होतं. पण रागावलेल्या माणसाला त्याच्या गावातलं काही कळत नाही.

घरी पोतं उपडं केलं, तर आतून लाल दारूच्या रंगाची जाड मखमल निघाली. कडेला सोनेरी झालर. युनिसने ती हाताने चाचपली, मग नाकाला लावली.

"होरेस, याला अजून दुकानाचा वास येतोय."

"श्रीमंतांच्या वस्तूंना येतो."

"एक टाका ढिला नाही, कुठे ऊन लागलेलं नाही. हे पडदे कधी खिडकीला लटकलेलेच नाहीत."

"हेच ते," होरेस ओरडला. "हे तिचे जुने. आपल्याला नवे म्हणून परवडणार नाहीत, ते ती जुने म्हणून पिठाच्या पोत्यात भरून फेकते. आण ती कात्री."

बावीस पोशाखांत कात्री त्याने फक्त याच वेळी स्वतः हातात घेतली. मधोमध कापताना त्याला फार बरं वाटलं.

चोवीस तारखेच्या सकाळी बावीसच्या बावीस पोशाख सभागृहात खुंट्यांवर लटकत होते. राजांचे तीन झगे तर असे, की झाडायला आलेली बाई झाडू धरून उभीच राहिली. होरेस घरी येऊन गॅलरीत पाठ वाचायचा सराव करत होता, तोच बॉइसी आला. रोज कुंपणावर टेकणारा माणूस आज फाटकातून आला आणि न विचारता खुर्चीवर बसला.

"मी संध्याकाळी येत नाही, शेजारी. ताऱ्याची दोरी दुसऱ्या कोणाला धरायला सांगा."

"का?"

"मिस सिबिलने काल मला चोर म्हटलं. रस्त्यावर उभं राहून. तिच्या घराचा रंग मी पुरा केला, सामान आत घ्यायला चादरी काढल्या, तर म्हणे तिचे नवे पडदे नाहीत. मी म्हटलं, ती पिशवी तर खुर्चीवर आहे की. म्हणाली, ते जुने, तुमच्या त्या मिस्टर क्वामिनांनी मिजाशीने नेले नाहीत. नवे पिठाच्या पोत्यात होते. खुर्चीवर भारी पिशवी असताना घाणेरडं पोतं कोण उचलेल? ज्याला आत काय आहे ते ठाऊक, तोच. आणि तिथे तीन आठवडे फक्त तूच येत-जात होतास, असं म्हणाली."

होरेसच्या हातातलं पुस्तक मिटलं.

"हवालदार बोलावला," बॉइसी सांगत होता. त्याचा आवाज आधी चढलेला होता, तो आता खाली आला. "त्याने वही काढली, विचारलं, बाई, रंग कोणता? तर म्हणते, रंग उद्या सकाळी सांगेन, आज बाजूच्या बायका ऐकतायत. हवालदाराने लिहिलं, पडदे, रंग गुप्त. लोक हसले. मलाही हसू आलं, ते पाहून ती म्हणाली, बघा, चोर हसतोय. मिसेस आचोंगच्या दोन भिंती राहिल्यात. तिने सकाळी निरोप पाठवला, नव्या वर्षात बघू. वीस वर्षं मी लोकांच्या रिकाम्या घरांतून रंग देतोय, शेजारी. माझ्या हातात किल्ल्या सोडून लोक बाजाराला जातात. आता कोण देईल?"

दारात युनिस उभी होती, हातात नाताळचे मक्याचे पास्तेल गुंडाळून वाफवायची केळीची पानं. ती बॉइसीकडे पाहत नव्हती.

"तू ये संध्याकाळी," ती बॉइसीला म्हणाली. "तारा तुझा आहे. दुसऱ्याच्या हाती दिलास तर पोरांच्या डोक्यावर पडेल." आणि तो गेल्यावर नवऱ्याला म्हणाली, "चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय. ऊठ."

होरेस उठला. मिस सिबिलच्या घरापर्यंत तो मनात वाक्यं जुळवत गेला. त्यांत 'गैरसमज' हा शब्द तीनदा होता आणि 'माफ करा' एकदा, अगदी शेवटी. फाटकाशी पोचला, तर ती उघड्या खिडकीत, केसांना गुंडाळ्या लावून.

"काय, मिस्टर क्वामिना? पोशाख झाले, की पोरं चादरी गुंडाळून येणार? माझी पिशवी नेली नाहीत ती. क्वामिनांना बोर्दांचं जुनं चालत नाही वाटतं. बरं, आमच्या जावयांनी पाठ तोंडपाठ केलाय हं. घशासाठी सकाळपासून आल्याचा काढा चाललाय."

जुळवलेली सगळी वाक्यं होरेसच्या डोक्यातून उडून गेली. "पाच वाजता बघाल," तो म्हणाला, आणि परत फिरला. अर्ध्या वाटेत त्याच्या ध्यानात आलं, की आपण माफी मागायला गेलो होतो आणि धमकी देऊन आलो.

"सांगितलंस?" युनिसने विचारलं.

"सांगणार आहे."

"कधी?"

"वाचन झाल्यावर. वाचन झालं की लगेच."

युनिस केळीची पानं पुसायला लागली. ती बोलली असती तर त्याला भांडता आलं असतं.

पाच वाजता चर्च भरलं. होरेस वाचनाच्या मेजापाशी उभा, पुस्तक उघडून. मागच्या दाराशी बॉइसी ताऱ्याची दोरी धरून. त्याच्या आजूबाजूच्या बायकांनी आपापल्या पर्सा मांडीवर घेतल्या होत्या. ते होरेसला इतक्या लांबूनही दिसलं.

मिरवणूक आत आली. बग्ग्यांमधले मेंढपाळ, घामाने निथळणारा हेरोद, पंखवाला देवदूत. मरीया आली. मिसेस आचोंगने डोळे मिटले. आणि मग तीन राजे. मेणबत्त्यांच्या उजेडात ती मखमल अशी काही चमकली, की बाकांवरून एक 'आहा' उठला आणि पुढच्या बाकांपर्यंत गेला. एकोणीस वर्षांत होरेसने त्या चर्चमध्ये असा आवाज ऐकला नव्हता.

"काय हे कापड," फादर गिटेन्स भारावून म्हणाले. "चर्चकडे सुईसुद्धा न मागता. कोणी दिलं हो हे?"

मिस सिबिल बोर्द पहिल्या बाकावर होती. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग राखेसारखा. होरेस तो बघत होता. ती आता ओरडणार. पण ओरडली, तर काल रस्त्यात एका निरपराध माणसाला चोर म्हटलं हे कबूल करावं लागणार, आणि आपल्याच पडद्यांसाठी हवालदारापुढे तमाशा केला हेही. नवे पडदे कोणी पाहिले नव्हते. हे तेच आहेत, हे या तीनशे माणसांत तिला, होरेसला आणि युनिसला सोडून कोणाला ठाऊक नव्हतं.

मिस सिबिल सावकाश उभी राहिली. "मी दिलं," ती म्हणाली. "लेकरांसाठी."

टाळ्या पडल्या. तिने बसता बसता होरेसकडे एकदाच पाहिलं, आणि त्याला ते पाहणं पुरतं समजलं. तुम्ही गप्प, मी गप्प. पोशाख झालेच होते. वाचनही त्याचंच राहिलं होतं. त्याने फक्त तोंड उघडून पहिली ओळ वाचायची होती.

त्याने समोर पाहिलं. मागच्या दाराशी बॉइसीही टाळ्या वाजवत होता. एका हातात दोरी असल्यामुळे तो दुसरा हात मांडीवर आपटत होता. जिने त्याला चोर म्हटलं, तिच्या दिलदारपणाचं त्याला मनापासून कौतुक वाटत होतं.

होरेसला आयुष्यात पुष्कळ राग आले होते, कमिटीचे, कचेरीचे, शेजाऱ्यांचे. स्वतःचा असा कधी आला नव्हता. तो आता आला.

"तिने दिलं नाही," तो म्हणाला. "मी उचलून आणलं."

"मिस्टर क्वामिना," मिस सिबिल दातांत म्हणाली, "पाठ वाचा."

"हे हिचे नवे पडदे. पिठाच्या पोत्यात होते. ही चर्चला पोतं देते असं मला वाटलं, म्हणून रागाने मी तेच नेलं, आणि रागानेच कापलं. बॉइसीने त्याला हातसुद्धा लावला नाही."

"मी दिले म्हणतेय ना मी. माझे पडदे, माझी मर्जी."

"दिले होतेत, तर काल हवालदार कशाला बोलावलात?"

"हलवायाच्या घरावर तुळशीपत्र तुम्ही ठेवलंत, आणि वर मलाच विचारता?"

"तेच सांगतोय की मी. मी ठेवलं. तुम्ही नाही."

आपण चोर ठरू नये म्हणून चर्चमध्ये भांडणं होतात. मीच चोर, असं ओरडून सांगणारा माणूस त्या चर्चने प्रथमच पाहिला. फादर गिटेन्स दोन्ही हात वर करून उभे होते, आशीर्वाद देत होते की शरण आले होते, कळत नव्हतं. सगळ्यात लहान राजाने झगा अंगाशी धरला आणि विचारलं, "हा आत्ता परत द्यायचा का?"

होरेसने पुस्तक मिटलं. "शब्द दिला होता, जमलं नाही तर वाचणार नाही," तो म्हणाला. "दुसऱ्याचं कापून जमवलं, त्याला जमलं म्हणत नाहीत." तो पायऱ्या उतरून युनिसशेजारी जाऊन बसला. युनिसने पर्स उचलून त्याला जागा केली. तो समोरच्या बाकाच्या पाठीकडे बघत राहिला. त्याला रडू येत होतं आणि त्याचीही त्याला लाज वाटत होती.

मग टाचांचा आवाज आला. मिस सिबिल मधल्या वाटेने मागच्या दाराकडे निघाली होती. तीनशे माना तिच्याबरोबर वळल्या. बॉइसीसमोर ती थांबली.

"बॉइसी, माझं चुकलं," ती पुटपुटली.

"रस्त्यात बोललात तेव्हा मोठ्याने बोलला होतात, मिस सिबिल."

तिने टोपी सारखी केली. "माझं चुकलं," ती म्हणाली, आणि हे वेदीपर्यंत ऐकू गेलं. "उद्या आमच्याकडे जेवायला ये."

"उद्या मी आईकडे असतो."

"मग तिलाही घेऊन ये. हॅम मोठं आहे."

बॉइसीने विचार केला. "हात मिळवला असता," तो म्हणाला, "पण दोरी सुटली तर तारा खाली येईल."

मिसेस आचोंग बाकावरून वळून म्हणाली, "बॉइसी, माझ्या भिंती शुक्रवारी." तिने हे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

मिस सिबिल परत आली, तोवर पहिल्या बाकावरून तिचा जावई घसा साफ करून उठला होता. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. मग ती पलीकडच्या बाकाकडे वळली.

"होरेस," ती म्हणाली. मिस्टर नाही, क्वामिना नाही. "पडदे गेले ते गेले माझे. उद्या उघड्या खिडक्यांनी बसेन, गाव येऊन बघेल. आता वाचनाचं तरी वाटोळं नको. माझा जावई बँकेची नोटीस वाचल्यासारखा वाचतो. ऊठ, वर जा."

या बाईच्या परवानगीची मला गरज नाही, हे उत्तर होरेसच्या ओठांवर आलं होतं. युनिसने त्याच्या बरगडीत कोपर मारलं. तो उठला, पायऱ्या चढला, पुस्तक उघडलं आणि त्याला पान सापडेना. सापडलं. त्याने पहिली ओळ वाचली आणि तिच्या मध्यावर त्याचा आवाज चिरकला. तो थांबला, घसा साफ केला आणि तीच ओळ पहिल्यापासून पुन्हा वाचली. तोवर चर्चमध्ये कोणी हललं नाही.